छातीवरचे चित्र कोणाचे?

जून-जुलैत महाविद्यालयांची आवारे पुन्हा गजबजू लागली की सूचनाफलकावर, आणि आता त्याच्याही आधी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर, एक नोटीस हमखास झळकते. 'कला महोत्सवासाठी टी-शर्ट डिझाइन स्पर्धा. सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली. विजेत्यास आकर्षक बक्षीस.' त्याखाली विषय आणि प्रवेशिका पाठविण्याची अंतिम तारीख. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, आणखी दोन ओळी असतात : 'संयोजकांचा निर्णय अंतिम राहील. आलेल्या सर्व प्रवेशिकांवर संयोजकांचा हक्क राहील.' वरच्या ओळी सगळेच वाचतात. तळाच्या दोन ओळी फारसे कोणी वाचत नाही. ज्या विद्यार्थी प्रतिनिधीने नोटीस टाइप केलेली असते, त्यानेही त्या गेल्या वर्षीच्या नोटिशीवरून जशाच्या तशा उचललेल्या असतात.

प्रस्तुत लेख प्रामुख्याने त्या तळाच्या ओळींविषयी आहे. मात्र तिथवर जाण्याआधी कापडावर चित्र उमटते कसे, हे पाहून घेणे भाग आहे. कारण या स्पर्धांतील निम्मे घोळ छपाईच्या टेबलावर होतात आणि उरलेले निम्मे नियमांच्या कागदावर.

महाविद्यालयीन महोत्सवांची परंपरा मुंबईला नवी नाही. आयआयटी मुंबईचा 'मूड इंडिगो' १९७१ पासून, तर सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा 'मल्हार' १९७९ पासून भरतो आहे. शिवाय विद्यापीठांचे युवा महोत्सव आहेत, राज्यातील विद्यापीठांना एका मंचावर आणणारा 'इंद्रधनुष्य' आहे आणि या सगळ्यांकडे पाहून उभे राहिलेले गावोगावच्या महाविद्यालयांचे आपापले 'फेस्ट' आहेत. या गर्दीत कार्यकर्ता कोण आणि पाहुणा कोण, हे सुरक्षारक्षकाला चटकन कळावे, ही टी-शर्टची पहिली गरज. दुसरी गरज भावनिक. महोत्सव तीन दिवसांत संपतो, मंडप उतरतो, फलक गुंडाळून अडगळीत जातात. टी-शर्ट मात्र पुढे पाच-सहा वर्षे घरात वावरत राहतो. आधी कॉलेजात, मग सकाळच्या व्यायामाला, मग रात्री झोपताना आणि सरतेशेवटी दुचाकी पुसायला. विद्यार्थ्याने काढलेले दुसरे कोणते चित्र इतका काळ लोकांसमोर राहत असेल?

युवा महोत्सवांतल्या ललित कला स्पर्धांचे स्वरूप निराळे असते. ऑन द स्पॉट पेंटिंग, पोस्टर, कोलाज, व्यंगचित्र, रांगोळी, मातीकाम या प्रकारांत विद्यार्थी ठरावीक वेळात सभागृहात बसून काम करतो, परीक्षक ते पाहतात आणि विषय तिथेच संपतो. टी-शर्टचे चित्र विजयी ठरल्यानंतर त्याचे खरे आयुष्य सुरू होते. ते छापले जाते, विकले जाते, प्रायोजकाच्या नावाशेजारी बसते. म्हणजेच ते 'उपयोजित कले'च्या प्रांतात शिरते. ज्या विद्यार्थ्याने उपयोजित कलेचा एकही तास केलेला नाही, त्याच्या आयुष्यातले हे बहुधा पहिलेच व्यावसायिक काम असते. तसे ते असल्याचे त्याला कोणी सांगत मात्र नाही.

कागद वेगळा, कापड वेगळे

स्पर्धेला येणाऱ्या प्रवेशिका पाहिल्या की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेकांनी पोस्टर काढलेले असते आणि ते टी-शर्टच्या छायाचित्रावर चिकटवलेले असते. संगणकाच्या पडद्यावर ते देखणे दिसते. सूर्यास्ताच्या छटा, धुक्यात विरत जाणारे मनोरे, नर्तकीच्या घुंगरातले बारीक मणी. पडदा प्रकाशमान असतो, कागद सपाट असतो. कापड मात्र अंगावर हलते, पोटाशी चुरगळते, घामाने भिजते आणि दर आठवड्याला धुतले जाते. शिवाय टी-शर्टवरचे चित्र आपण हातात धरून पाहत नाही. समोरून चालत येणाऱ्या माणसाच्या छातीवर ते दोन-तीन सेकंद दिसते, तेही आठ-दहा फुटांवरून. तेवढ्या वेळात जे कळत नाही, ते तिथे नसल्यातच जमा.

महोत्सवांचे टी-शर्ट मोठ्या संख्येने छापायचे असतील तर आजही 'स्क्रीन प्रिंटिंग'चाच आधार घेतला जातो. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रसायनाचा थर देतात. चित्राची काळी 'पॉझिटिव्ह' त्यावर ठेवून प्रकाश टाकला की उघड्या भागातला थर घट्ट होतो आणि काळ्या भागाखालचा थर पाण्याने धुऊन निघतो. चौकट टी-शर्टवर ठेवून रबरी 'स्क्विजी'ने शाई ओढली की मोकळ्या राहिलेल्या छिद्रांतून ती कापडावर उतरते. ही पद्धत साधी आहे, तिच्यात दोष फार थोडे आहेत. पण तिचा एक नियम कठोर आहे. एका रंगाला एक स्क्रीन. चार रंग म्हणजे चार पॉझिटिव्ह, चार चौकटी, चार वेळा शाई ओढणे आणि चारही रंग एकमेकांत नेमके बसविण्याची कसरत. एखादी चौकट केसभर सरकली तरी नर्तकीचा ओठ तिच्या गालावर जातो.

यातच काळ्या टी-शर्टची भर पडते. तरुणाईला काळा रंग प्रिय आहे, आणि काळ्यावर पिवळा थेट छापला तर तो शेवाळासारखा दिसतो. म्हणून आधी पांढऱ्याचा एक थर छापून, तो उष्णतेने सुकवून, मग त्यावर पिवळा द्यावा लागतो. विद्यार्थी दोन रंगांचे चित्र काढतो आणि छपाईवाला तीन रंगांचे बिल लावतो, याचे रहस्य हेच. टी-शर्ट शंभरच छापायचे असतील तर स्क्रीनचा हा वाढीव खर्च डोळ्यांत खुपतो. हजार छापायचे असतील तर तो विखुरला जाऊन जाणवेनासा होतो. साहजिकच छोट्या महाविद्यालयाच्या महोत्सवासाठी एका रंगाचे चित्र मागणे, यात कंजूषपणा नसून शहाणपण आहे. दुर्दैव असे की नोटिशीत ते लिहिलेले नसते. मग पाच रंगांचे चित्र पहिले येते आणि छपाईवाल्याकडे गेल्यावर 'हे जरा सोपे करून द्या' असा निरोप येतो. सोपे कोण करतो? चित्रकार विद्यार्थ्याला त्या वेळी परीक्षा असते. दुकानातला संगणकावर बसणारा मुलगा ते करतो, आणि सूर्यास्ताचा एक केशरी गोळा होतो.

अलीकडच्या काळात 'डीटीएफ' नावाची पद्धत छोट्या दुकानांतही पोहोचली आहे. यात चित्र आधी एका फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची भुकटी टाकून ती वितळवितात आणि गरम दाबाने कापडावर चिकटवितात. रंग कितीही असोत, खर्चात फरक पडत नाही आणि पाच-पंचवीस नगही छापून मिळतात. छपाईची अडचण त्यामुळे पुष्कळशी सुटली, हे खरे. परंतु संपूर्ण छातीभर असे चित्र चिकटवले की तेवढ्या भागात कापडाचा श्वास कोंडतो. मुंबईच्या ऑगस्टमध्ये दिवसभर मंचामागे धावणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचा अर्थ लगेच कळतो.

शिरोरेषेचा प्रश्न

मराठी अक्षरांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत महोत्सवांच्या टी-शर्टवर देवनागरी पुन्हा दिसू लागली आहे आणि ही आनंदाची गोष्ट आहे. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरी शब्द मात्र शिरोरेषेला टांगलेला असतो. ही रेषा छातीवर आडवी आली की चित्राला आपोआप कणा मिळतो. पण अंग वळले, कापड दुमडले की तीच रेषा आधी मोडलेली दिसते. शिवाय रेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा आपला पसारा दोन्ही दिशांना असतो. त्यामुळे इंग्रजी शब्दासाठी आखलेल्या पट्टीत मराठी शब्द बसवायचा तर त्याचे मूळ अक्षर लहान करावे लागते, आणि अक्षर लहान झाले की 'क'चे पोट आणि 'ष'ची तिरपी रेघ शाईने भरून जाते. अनुस्वाराचा ठिपका तर पहिल्या धुण्यातच निघून जातो. 'रंग'चा 'रग' झालेला टी-शर्ट मी स्वतः पाहिला आहे.

दुसरी अडचण संगणकाची. जुन्या डीटीपी केंद्रांत अजूनही युनिकोडपूर्व काळातले फाँट आणि जुनी 'सॉफ्टवेअर' वापरात आहेत. विद्यार्थ्याने मोबाइलवर किंवा घरच्या संगणकावर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर तिथे उघडला की जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. छपाईवाला अमराठी असेल तर त्याला ते खटकतही नाही. यावर उपाय सोपा आहे. अक्षरांचे रूपांतर आकृतीत, म्हणजे छपाईच्या भाषेत 'कर्व्ह'मध्ये करून मगच फाइल पाठवावी. त्यानंतर ती अक्षरे राहत नाहीत, चित्र होतात आणि कोणत्याही संगणकावर तशीच दिसतात. अर्थात मग शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी कोणाकडून तरी वाचून घेतलेले बरे.

फाँट निवडण्यापेक्षा अक्षरे हाताने काढणे हा अधिक चांगला मार्ग. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी शीर्षकांची अक्षरे अशी काढली की ती वाचण्याआधीच नाटकाची प्रकृती कळावी. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा फाँट घडविला, त्यामागेही हाताने अक्षर गिरविण्याची दीर्घ साधना होती. हाताने काढलेल्या अक्षराचा आणखी एक व्यवहारी फायदा आहे. ते निर्विवादपणे विद्यार्थ्याचे स्वतःचे असते. फाँटच्या बाबतीत तसे नसते. इंटरनेटवर 'फुकट' मिळणारे कित्येक फाँट केवळ खासगी वापरासाठी मोफत असतात, विक्रीच्या वस्तूंवर छापण्यासाठी नव्हे. देवनागरीत 'मुक्त', 'बालू', 'मोदक' असे खुल्या परवान्याचे चांगले फाँट उपलब्ध आहेत, ते टी-शर्टवर निर्धास्तपणे वापरता येतात. पण कोणता फाँट कोणत्या परवान्याचा, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

सही कापली जाते तेव्हा

काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका महाविद्यालयाने अशा स्पर्धेच्या परीक्षणासाठी मला बोलावले होते. विषय शहराशी संबंधित होता. अपेक्षेप्रमाणे गेटवे, टॅक्सी आणि उंच इमारतींची गर्दी होती. त्यात विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थिनीची एक प्रवेशिका वेगळी निघाली. लोकलच्या डब्यात टांगलेल्या कड्यांची एक ओळ, आणि प्रत्येक कडी धरणारा हात नृत्यातल्या एकेका मुद्रेत. केवळ एक रंग, जाड रेषा, खाली कोपऱ्यात तिची लहानशी सही. आम्ही दोघा परीक्षकांनी फारशी चर्चा न करता तिला पहिले दिले.

महोत्सवाच्या दिवशी टी-शर्ट पाहिला तेव्हा सही नव्हती. तिच्या जागी एका प्रायोजकाचे बोधचिन्ह आले होते. मधल्या एका हातात गिटार देण्यात आली होती, कारण समितीच्या मते 'संगीताचाही उल्लेख हवा' होता. मुलीने तेव्हा काही म्हटले नाही. बक्षिसाचे पाकीट आणि प्रमाणपत्र घेऊन ती गेली. पुढे दोन वर्षांनी तेच चित्र, गिटारसह, त्याच महाविद्यालयाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात विक्रीला ठेवलेल्या चहाच्या मगांवर दिसले. तिने विचारणा केली, तेव्हा तिला जुनी नोटीस दाखविण्यात आली. 'आलेल्या सर्व प्रवेशिकांवर संयोजकांचा हक्क राहील.' तिने मला दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला : "सर, एवढ्या एका ओळीने चित्र खरंच त्यांचं होतं का?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर कायदा वाचला.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, म्हणजे 'कॉपीराइट' कायद्यानुसार, चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. रेषा उमटली की हक्क जन्माला येतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेले चित्र मालकाचे होते, असा अपवाद आहे. पण विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नव्हे. उलट तोच शुल्क भरत असतो! हा हक्क दुसऱ्याकडे सोपवायचा तर कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ते लेखी हवे आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्यात नमूद हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. सूचनाफलकावरची ओळ यांपैकी कोणत्या कसोटीला उतरते, याचा विचार वाचकांनीच करावा. गुगल फॉर्मवर चौकोनात केलेली बरोबरची खूण म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेली सही, असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

यात आणखी एक मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात आणि त्या मुलांनाही स्पर्धेत भाग घेता येतो. त्यांतील बहुतेकांना अठरा वर्षे पूर्ण झालेली नसतात. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार आपल्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाने सही केली, तरी तिचा काही उपयोग नाही.

शिवाय स्वामित्वहक्क विकला तरी एक गोष्ट चित्रकाराकडे उरते. ५७ व्या कलमाने त्याला दिलेला नैतिक अधिकार. 'हे चित्र माझे आहे' असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी चित्राची मोडतोड झाल्यास तिला हरकत घेण्याचा हा अधिकार आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले, तेव्हा याच कलमाच्या आधारे ते लढले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. एवढ्या मोठ्या शिल्पाची तुलना महाविद्यालयीन टी-शर्टशी करणे काहींना हास्यास्पद वाटेल. कलमात मात्र आकाराचा उल्लेख नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, 'डिझाइन' म्हणून नोंदविता येण्याजोगी पण नोंदविलेली नसलेली आकृती औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तूंवर उमटवली गेली की त्या आकृतीतील स्वामित्वहक्क संपुष्टात येतो. महोत्सवाचे टी-शर्ट पन्नासाहून अधिकच असतात. मग ते चित्र कलाकृती मानायचे की डिझाइन, यावर आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खल चालला आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या भेदासाठी कसोट्या सांगितल्या, तरी प्रत्येक प्रकरण आपल्या गुणावगुणांवरच ठरणार. म्हणूनच न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी आधी कागदावर स्वच्छ लिहून घेणे दोघांच्याही हिताचे.

स्वच्छ लिहिले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. रुपयाचे चिन्ह निवडण्यासाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये जाहीर स्पर्धा घेतली. निवडलेल्या चिन्हाचा स्वामित्वहक्क सरकारकडे जाईल, हे आधीच सांगितलेले होते; बक्षीस अडीच लाख रुपये. तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून पाच निवडल्या गेल्या आणि जुलै २०१० मध्ये डी. उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले गेले. त्यांनी आयआयटी मुंबईच्या 'आयडीसी'तून संशोधन पूर्ण केले होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या त्या मेळातही शिरोरेषाच मोलाची ठरली आहे! ते चिन्ह आज नोटेपासून भाजीच्या पाटीपर्यंत सर्वत्र आहे. त्याबद्दल उदय कुमार यांना दर वेळी पैसे मिळत नाहीत, पण चिन्ह कोणाचे, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०१४ मध्ये 'स्वच्छ भारत'चे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह खुल्या स्पर्धेतून निवडले गेले, तेव्हाही कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे नाव जाहीरपणे घेतले गेले.

याउलट अमेरिकेतले एक जुने उदाहरण बहुतेक डिझाइनरांना तोंडपाठ असते. पोर्टलँड स्टेट विद्यापीठातील कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली तिथे शिकविणाऱ्या फिल नाइट यांच्या बूट-कंपनीसाठी एक चिन्ह काढून दिले. ती स्पर्धा नव्हती, तासावर ठरलेले काम होते आणि त्याचे तिला ३५ डॉलर मिळाले. ते चिन्ह म्हणजे 'नायके'ची प्रसिद्ध बाकदार खूण. १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून समभाग आणि एक अंगठी भेट दिली. कंपनीने ते औदार्याने केले. तिच्या हाती तसा हक्क नव्हता.

हरलेल्या प्रवेशिकांची कथा तर आणखी केविलवाणी आहे. 'सर्व प्रवेशिकांवर' हा शब्दप्रयोग पुन्हा वाचून पाहावा. ज्यांना बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, त्यांचीही चित्रे संयोजकांची! चाळीस जणांनी रात्री जागवून काढलेली चित्रे एका बक्षिसाच्या किमतीत गोळा करण्याचा हा मार्ग आहे. अशा मोबदल्याविना घेतल्या जाणाऱ्या कामाला अमेरिकेतील 'एआयजीए' ही डिझाइनरांची जुनी संघटना उघडपणे विरोध करते. आपल्या महाविद्यालयांत हे कोणी कपटाने करीत नाही, हे मी मान्य करतो. बहुतेक ठिकाणी हा निव्वळ निष्काळजीपणा असतो. पण ज्याचे चित्र गेले, त्याच्या दृष्टीने दोहोंत काय फरक?

उसने चित्र

आता विद्यार्थ्यांविषयी. आपल्या चित्राच्या हक्काबद्दल जागरूक असणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या चित्राबद्दल तितकाच जागरूक असतो, असे म्हणता येत नाही. महाविद्यालयीन टी-शर्टवर सर्वाधिक वेळा दिसलेला चेहरा बहुधा चे गव्हेराचा असावा. ते छायाचित्र आल्बर्तो कोर्दा यांनी मार्च १९६० मध्ये हवाना येथे टिपले आणि त्यावरून आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध लाल-काळे पोस्टर केले. क्रांतीसाठी तो चेहरा कोणीही वापरावा, असे कोर्दांचे मत होते. मात्र व्होडकाच्या जाहिरातीत तो आला तेव्हा २००० साली ते न्यायालयात गेले. फुकट वापरू देणारा कलावंतही कुठेतरी रेघ ओढतो, एवढे यातून दिसते.

आता त्याहून अवघड प्रश्न उभा राहिला आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२२ नंतर चार शब्द टाइप करून चित्र मिळविण्याची साधने सर्वांच्या हाती आली. मार्च २०२५ मध्ये जपानच्या 'जिब्ली' स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आपल्याकडच्या मोबाइलांवरही उसळली, ती वाचकांच्या स्मरणात असेल. अशा प्रवेशिका परीक्षकाला ओळखू येतात का? पुष्कळदा येतात. तबल्याला तीन तोंडे असतात, सतारीच्या तारा खुंट्यांपर्यंत पोहोचत नाहीत, देवनागरी तर ओळखण्यापलीकडे गेलेली असते. पण साधने सुधारत आहेत आणि या खुणा फार काळ टिकणार नाहीत. त्यापेक्षा परीक्षकाने कच्ची रेखाटने मागावीत. चित्र कसे सुचले, कुठे चुकले, कोणती कल्पना टाकून दिली, हे दाखविणारी दोन-तीन पाने अंतिम चित्रासोबत मागितली की उसनवारी बरीच कमी होते. कागदावर काढणाऱ्या गरीब विद्यार्थ्यालाही त्यामुळे न्याय मिळतो, कारण महागडे सॉफ्टवेअर नसलेल्या मुलाचे डोके कसे चालते, ते त्या पानांतच दिसते.

मग नोटिशीत काय असावे? छपाईची पद्धत आणि टी-शर्टचा रंग आधी ठरवून, जास्तीत जास्त किती रंग चालतील आणि छापण्याची जागा किती इंचांची, हे लिहावे. प्रायोजकांची बोधचिन्हे पाठीवर जातील की बाहीवर, हेही लिहावे, म्हणजे ऐनवेळी सहीवर गदा येत नाही. हक्क केवळ विजेत्या चित्राचा, केवळ त्या वर्षीच्या महोत्सवासाठी आणि ठरलेल्या वस्तूंपुरता घ्यावा. पुढे मगांवर किंवा पिशव्यांवर छापायचे असेल तर पुन्हा विचारावे आणि पुन्हा काही द्यावे. विजेता अठरा वर्षांखालील असेल तर कागदावर पालकांना घ्यावे आणि तो कागद एखाद्या जाणकाराकडून पाहून घ्यावा. बदल करायचा झाल्यास तो विद्यार्थ्यालाच करू द्यावा, त्यासाठी छपाईच्या आधी चार दिवस राखून ठेवावेत. हे सगळे एका पानात बसते. विधी महाविद्यालय शेजारीच असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांना ते पान लिहायला सांगता येईल, त्यांनाही सराव होईल.

राहिला प्रश्न नावाचा. टी-शर्टच्या मानेमागे आतल्या बाजूस, जिथे एरवी मापाची चिठ्ठी असते, तिथे एका रंगात दोन ओळी छापता येतात : महोत्सवाचे नाव, वर्ष आणि खाली 'चित्र' म्हणून विद्यार्थ्याचे नाव. त्याला एक लहानशी वेगळी चौकट पुरते आणि ती दर वर्षी नव्याने करावी लागते, एवढाच त्याचा खर्च. त्या विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा ती हसली. तिच्या टी-शर्टवर त्या जागी कापडाच्या कंपनीचे नाव होते.